आलोच

टॅटूवाला पोरगा हिंगणघाटच्या बसस्टँडमागं बसतो,
कूलरच्या वाळ्यात वाळा कमी, धूळ जास्त.
त्याच्यापुढं मी लाईट बिल पालथं ठेवलं.
बॉलपेनची निळी, घाईतली अक्षरं :
दादा, पाना नेतो. आलोच.

म्हटलं, शेवटला शब्द तेवढा काढ.
सुधारू नको.
'लो'ची मात्रा कान्यापासून सुटलीय, तशीच सुटू दे.

पोरगा बराच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला, भाऊ, तुम्ही वायरमन.
बारीक रेघ आहे, हे ऊन दोन वर्षांत खाऊन टाकीन.
पंधरा दिवस झाकून ठेवा,
खपली धरली तर खाजवू नका,
मग मलम लावत जा, पन्नास नंबरचं,
दर दोन तासांनी.

दर दोन तासांनी मी कुठल्या तरी खांबावर असतो.

समुद्रपूरच्या मेडिकलवाल्यानं ट्यूब काढता काढता विचारलं,
वहिनीसाठी?
म्हटलं, हातासाठी.
किती हात?
एक. डावा.
चारशे ऐंशी रुपये.
तो हसला, मी पण हसलो,
आणि गाडीच्या डिक्कीत ट्यूब ठेवताना
हात थांबला.

हातमोजे याच डिक्कीत होते त्या दिवशी.
कोपरापर्यंतचे, रबरी, कंपनीची पावडर न झटकलेले.
परमिट घेतलं होतं की नव्हतं,
यावर ऑफिसात अजून फाईल हलते.
भूमेश पाना घेऊन गेला, हातमोजे मी नेले होते,
घालायला नव्हे.
घामानं भरतात म्हणून आम्ही कोणीच घालत नव्हतो.

आता घालतो.
नवतपा लागला, सत्तेचाळीसचा पारा,
खांबाचं लोखंड मांडीला चटके देतं,
बोटांच्या टोकाशी घाम साचतो पाण्यासारखा,
मोजा काढला की धार लागते.
इंजिनीअर साहेबांनी मीटिंगमध्ये मला उभं केलं,
म्हणाले, बघा, यांच्यापासून शिका.
टाळ्या झाल्या.
मी सांगितलं नाही
की मी करंटला नाही, उन्हाला भिऊन घालतो.

गाडीवर मात्र मोजे चालत नाहीत, क्लच सापडत नाही.
जुना पायमोजा कापून बाही केली,
ती मनगटाशी आखूड पडते.
कोरा, मांडगाव, परत कोरा,
हँडलवरचा हात सूर्याकडं तोंड करून.
मलम डिक्कीत वितळून तुपासारखं पातळ,
अर्धं वाहून पान्यांना लागलं.

श्रावणात बघितलं तर
'आलो' काळंभोर,
आणि 'च' राखेसारखा.

आईला दाखवला.
तिच्या हातावर तुळस गोंदलेली आहे,
चाळीस उन्हाळ्यांनी तिचं शेवाळ करून टाकलं.
कुंडी कुठली, पानं कुठली, आता तीच सांगू जाणे.
"माह्या हाताले कोनं मलम लावलं बाप्पा?" म्हणाली.
मग चष्मा लावून, माझा हात उजेडाकडं वळवून,
एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं,
चौथीपर्यंतच्या शाळेच्या चालीनं.
'च'पाशी बोट अडलं.
"हे गेलं त जाऊ दे न रे.
मंग नुसतं 'आलो' राह्यते."

आणि उठून भाकरी टाकायला गेली.

मी बाजेवर बसून होतो.
हात मांडीवर पालथा.
घरात तव्याचा आवाज,
बाहेर कोणाच्या तरी गाडीचा हॉर्न, गल्लीतून पुढं गेलेला.

सकाळी फोन आला, डीपी जळाली.
ट्यूब दाबली, वाटाण्याएवढं निघालं.
'आ'वर लावलं, 'लो'वर लावलं,
सुटलेल्या मात्रेवर लावलं.
मग थांबलो.
थोडा वेळ तसाच, अंगठ्यावर मलम घेऊन.

शेवटी 'च'वरच जास्त लावलं,
पांढरा थर दिला, दिसेनासा होईपर्यंत.
बाही ओढली. मोजे घेतले.
दारातून आईला हाक दिली,
जातो म्हणू नये म्हणून
आपण जे म्हणतो
ते म्हणालो.