पाचशे बारा

धायरीत, सातव्या मजल्यावर,
कबुतरांच्या जाळीआड
आमची टोमॅटोची सहा रोपं,
पाच रंगाच्या डब्यांत, एक जुन्या कुकरात.

फुलं धरतात. नाही असं नाही.
पिवळी, मान खाली घातलेली,
तोंडी परीक्षेला उभ्या पोरांसारखी.
आणि तिसऱ्या दिवशी फरशीवर.
हेमलता केर काढताना मोजते,
कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिते:
सोमवार अकरा. मंगळवार नऊ.
बुधवारी आकडा नव्हता,
नुसती रेघ.

शितोळेवहिनी म्हणाल्या, युरिया घाला.
घातला.
पानं अशी माजली
की टॉवेल वाळत घालायला जागा उरेना.
फळ? नाव नको.

वॉचमन भीमराव वर आला होता पाण्याचं बघायला.
म्हणाला, काका, गावाकडं या फुलाला भुंगा लटकतो,
सगळं अंग थरथरवतो,
तवा कुठं आतली पूड सुटते.
लिफ्टनं येणारा भुंगा मी तरी पाह्यला नाही.

थरथर.
तेहतीस वर्षं कॉलेजच्या भौतिकीच्या प्रयोगशाळेत
मी दुसरं काय वाटलं?
सही घेऊन, ड्रॉवरमधून काढून, नादकाटे.
रबरावर मारा, टेबलावर नाही,
हे वाक्य मी झोपेतही म्हणत असेन.
निवृत्तीला त्यांनी शाल दिली, नारळ दिला.
भंगारात निघालेला एक काटा मी मागून घेतला.
पाचशे बारा. एका पायावर गंजाचा ठिपका.

सकाळी साडेदहा. ऊन कठड्यावरून आत आलेलं,
पाकळ्या कोरड्या.
(ओली पूड चिकटून बसते, हेही भीमरावचंच.)
काटा गुडघ्यावर आपटला,
फुलामागच्या देठाला टेकवला.
फूल हललं असं म्हणता येणार नाही.
पण हेमलतानं खाली माझ्या चष्म्याचं काळं घर धरलं होतं,
त्यावर पडली
हळदीच्या बोटालाही पुरणार नाही
एवढीशी पिवळी पूड.

वाजतोय का, तिनं विचारलं.

गेल्या दिवाळीपासून तिला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही,
दारावरची बेल नाही,
मी डावीकडून बोललेलं तर नाहीच.
यंत्र आणलंय. कपाटात आहे, त्याच्या डबीत.
मी तो विषय काढला
की मात्र तिला नेमकं ऐकू येतं,
आणि ती उठून जाते.

म्हटलं, वाजतोय.
तिनं काटा मागितला.
स्वतःच्या गुडघ्यावर आपटला, जरा जोरातच,
आणि फुलाकडे न नेता
कानामागच्या हाडावर टेकवला.
डोळे मिटले.
मी घड्याळाकडे पाहिलं, सवय.
आहे, म्हणाली.
अजून आहे.
अजून.
गेला.
सोळा सेकंद.

आता रोज साडेदहाला आम्ही दोघं.
ती आधी स्वतःला लावते, मग फुलाला,
मग पानांमागे लपलेल्या दुसऱ्या फुलाला.
देठाच्या मधलं पेर पिवळं पडलं तर ते गळणार.
हिरवं राहिलं तर पाकळ्या वाळू द्यायच्या,
बोट लावायचं नाही,
तिनं लावलं तरी मी पाहिलं नाही असं समजायचं.

शुक्रवारी एका वाळक्या फुलात
ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी, लवेसकट, हिरवं.
कॅलेंडरवर लिहिलं: एक.
शितोळेवहिनींना तिनं अशी हाक मारली
की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं.

मार्च लागला की रात्रीही उकडेल,
मग काटा कितीही वाजो, फुलं गळतील.
ते आपल्या हातात नाही.
तोवर आहेत तेवढे दिवस.

आज कपाट उघडलं तर
डबीवरची धूळ पुसलेली.
मी काही बोललो नाही.
उजवीकडूनसुद्धा नाही.