लाइट गेली

माझे वडील गड्ड्याच्या जत्रेत तंबू लावायचे.
होम मैदानावर, मौत का कुवा आणि पाळण्याच्या मधली जागा.
पाटीवर 'प्रोफेसर', खाली दोन मोठे डोळे,
त्यांतला डावा पेंटरने घाईत तिरळा काढलेला.
आठ आण्यांत ते माणसाला कांदा खायला द्यायचे
आणि माणूस म्हणायचा, सफरचंद गोड आहे.
मी पडद्यामागे कांदे सोलायचो.

पुढे मेडिकलला गेलो. पुस्तकात वाचलं:
पॅरिसमध्ये कुणी एक रोग्यांना हौदाभोवती बसवायचा,
हातात लोखंडी कांबी द्यायचा.
माणसं किंचाळायची, थरथरायची, बरी व्हायची.
राजाने समिती नेमली. समिती म्हणाली,
हौदात काही नाही, नुसती कल्पना आहे.
नुसती!
हुगळीत, क्लोरोफॉर्म यायच्या आधी,
एका गोऱ्या डॉक्टरने हात फिरवून माणसं निजवली
आणि मोठमोठ्या गाठी कापून काढल्या.
हात फिरवणारे मात्र त्याचे देशी मदतनीस,
तासन्‌तास, घामाघूम.
मी वाचलेल्या पुस्तकात त्यांची नावं नव्हती.

मल्लेशम गुंडेटी आला तो एप्रिलमध्ये.
साखर पेठेतलं डांबर चपलांना चिकटत होतं.
उजवा हात कोपरापासून नाही,
मागाच्या पट्ट्यात गेलेला.
तक्रार अशी, की नसलेल्या हाताची मूठ आवळलेली आहे,
नखं तळव्यात रुततात, रात्री जास्त.
"कापायला पण काय राहिलं नाही साहेब."

मी म्हणालो, डोळे मिटा. समुद्रकिनारा आहे, लाटा येतायत—
त्याने एक डोळा उघडला.
"समुद्र बघितलोच नाही साहेब."
बरं, मग डोंगर.
"तुळजापूरचा घाट बघितलो. बसमध्ये उलटी होते."
मग शंभरापासून उलटे आकडे.
मोजता मोजता तो जागाच होत गेला.
"चादरी मोजल्यासारखं वाटतंय. मालक समोर उभारतो."

तिसऱ्या खेपेला, हरून, विचारलं,
तुम्हाला शांत कधी वाटतं?
बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला.
"लाइट गेल्यावर."

मल्लेशम, लाइट गेली.
अशोक चौकाकडचे माग थांबले.
आता मागची गल्ली थांबली.
तुमचा धोटा अर्ध्या मोरावर अडकून राहिलाय,
पट्टा सैल पडलाय, कुणाला ओढत नाही.
कानात अजून खडखड आहे,
ती पण चाललीय, कोपऱ्यावरून वळली.
आता बायकांचं बोलणं ऐकू येतंय,
कुणीतरी पोराला हाक मारतंय,
इंटिकि रा, इंटिकि रा.
(एवढं तेलुगू गल्लीत खेळलेल्या कुणालाही येतं.)

त्याचे खांदे उतरले.
काम नाही आता. मुठीत काय आहे, ते खाली ठेवा.
ओठ जेमतेम हलले. "सूत.
तुटलंय. गाठ मारायचं होतं."

सहा वर्षं.

राहू द्या मल्लेशम.
लाइट आली की दुसरं कुणी मारेल.

रिकाम्या बाहीत काही हललं नाही, मी नीट बघत होतो.
डाव्या हाताची बोटं मात्र उघडली,
करंगळी आधी.

उठल्यावर तोंड पुसून म्हणाला,
"बारा आणे गेलं. चार आणे आहे अजून."
फी देताना पाकीट दातांत धरलं.

वडील गेले त्याच्या आदल्या वर्षी विचारलं होतं,
ती माणसं खरंच झोपायची का हो?
ते सुपारी कातरत होते.
"झोपायची कसली. पाळी संपवून, दिवसभर गिरणीत उभं राहून यायची.
मी खुर्ची द्यायचो."
आणि कांदा?
यावर ते हसतील असं वाटलं होतं.
"कांदे तू निवडून आणायचास," ते म्हणाले.
"गोडच असायचे."