अकरा टाके

सुग्रीव डोईफोडे. आडनावाला सगळे हसायचे,
परभणीच्या स्टेडियमात माईकवरचा माणूसही.

हौशी होता तेव्हा डोक्याला टोप, अंगात बनियन,
जिंकला की स्टीलचा डबा.
मग पैशासाठी खेळू लागला.
टोप गेला, बनियन गेलं.
हैदराबाद, पुणे, एकदा बँकॉक,
दर वेळी उजवी भुवई त्याच जागी उसवून आणायचा.

मी कंपाउंडर. त्यातले अकरा टाके माझे.

शेवटची लढत गुणांवर हरला.
आता गंगाखेड नाक्यावर पंक्चर काढतो.
ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडा शोधताना
मान अजून डावीकडे झुकते,
समोरून काही येतंय तशी.

काल भुवईवरून बोट फिरवत म्हणाला,
"डबा हाये अजून.
झाकण तेवढं बसंना."