उजवा कोपरा

देवगड, बर्फाच्या फॅक्टरीतली मीटिंग, रात्री साडेनऊ.
डिझेलच्या हिशेबाची वही उलटी करून
मागच्या पानावर मी लिहिलं: उल्हास कोयंडे, वय एकोणचाळीस,
एक मोसम, सहा स्पर्धा, नव्वद हजार.
शून्यं नीट गोल काढली. खजिनदाराला तेवढंच जमतं.

मंडळाच्या खात्यात एक लाख चार हजार.
त्यातच मॅटचा हप्ता, पोरांचे बूट,
मैदानावरच्या दोन दिव्यांचं थकलेलं बिल.

रमाकांत तारी म्हणाला, "जुन्या कलमाक मोहोर येता रे,
पण फळ धरता काय, ता बघ."
धुरत मास्तर म्हणाले, "तांडेल जाळा ओढता काय?
तरी तेका दोन वाटे देतंव मां?
पाणी वाचूचे ते पैशे."
"आणि पाणी चुकीचा वाचल्यान तर?"
"तर होडी सगळ्यांचीच बुडता."
सगळे हसले. मास्तर नाही.

दाराशी सोहेल मुकादम, एकोणीस वर्षांचा,
बनियनवर लाद्यांचा ओलावा.
सध्या उजव्या कोपऱ्यात तोच खेळतो.
मांजरासारखा झेपावतो,
नेहमी अर्धा श्वास आधी.
त्याला कुणी विचारलं नाही. तोही बोलला नाही,
एका पायाने दुसऱ्या पायाची पोटरी खाजवत राहिला.

मी मीटिंगमध्ये सांगितलं नाही ते हे:
अकरा वर्षं मी उल्हासचा डावा हात धरून उभा होतो.
साखळीत.
समोर चढाईवाला नाचतोय, दम घुमवतोय,
उल्हासची नजर त्याच्या घोट्यांवर,
माझी कुठेच नाही. मी सगळा तळहातात.
एकदा दाबलं की थांब, येऊ दे अजून.
दोनदा दाबलं की आत्ता.
विजयदुर्गच्या फायनलला, शेवटच्या मिनिटाला,
त्याने एकदा दाबलं आणि धरूनच ठेवलं, इतका वेळ
की मला वाटलं, हा विसरला,
बोनसची रेघ गेली, प्रेक्षक शिव्या घालू लागले,
चढाईवाला मागे वळायला लागला,
मग दोनदा.
ती पकड अजून माझ्या खांद्यात दुखते, थंडीच्या पहाटे.

पुढे गुहागरवाल्यांनी पैसे दिले नि तो गेला.
मीही गेलो असतो.
मला कुणी विचारलं नव्हतं.

आता भाव कसा लावायचा?
डिझेल मी लिटरात मोजतो, बर्फ लाद्यांत,
सुरमई किलोवर, खलाशांचा उशीर तासांवर.
वाट बघण्याचं माप सोसायटीत नाही.

"हात वर करा," मास्तर म्हणाले.
सात विरुद्ध पाच.
मी पाचांत.
बूट, दिवे, सोहेल, असं मनात म्हणालो.
खरं कारण वेगळं असेल. जुनं असेल.

दुसऱ्या दिवशी पैसे पोचवायला मलाच धाडलं.
पवनचक्क्यांच्या खालच्या अंगाला त्याचं घर.
पायरी उतरताना त्याने भिंत धरली,
आधी गुडघा आला, मग माणूस.
बोट ओलं करून नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या.
"तुझ्यार विश्वास नाय म्हणान न्हय," म्हणाला, "सवय."
तिकडे लागली असेल.
बायकोने आणलेला चहा बशीत ओतला, प्यायला नाही.
"तुमचो तो कोपऱ्यातलो पोरगो, घाई करता मां?"
करतो, मी म्हटलं.
"तेका माझ्या डाव्या हाताक उभो कर."

ती माझी जागा. मी मान हलवली.

निघताना त्याने हात पुढे केला.
तळहात तसाच, खारवलेल्या बांगड्यासारखा कडक,
फक्त बोटं जराशी थरथरत होती.
त्याने दाबला.

उतारावरून एसटी स्टँडपर्यंत
मी तेवढंच आठवत गेलो:
एकदा, की दोनदा.