दोन बोटं कमी

माझं मत कुणी विचारत नाही, तरी सांगते.
पुढच्या डब्यात बसू नये.
पुढे बसलं की सगळं दिसतं, आणि दिसलं की
माणूस आधीच घाबरून मोकळा होतो.
शेवटच्या डब्यात बसावं.
पुढचे उतरायला लागलेले असतात, आपण अजून चढतोय,
आणि एकदम कुणीतरी मानगूट धरून
माथ्यावरून ओढून घेतं.
तेव्हा मांडी आणि आसन यांच्यामध्ये
बोटभर जागा होते.
त्या बोटभर जागेसाठी
एकतीस उन्हाळे मी टोलेडोहून गाडी हाकत येते आहे.

काचकारखान्यात मी बाटल्या तपासायचे.
दिव्यासमोरून सरकायच्या, मिनिटाला साठ,
केसाएवढा तडा नजरेतून सुटायचा नाही.
म्हणून त्या नव्या हेलफायरचं कौतुक मला सांगू नका.
सात वेळा उलटं करतो, ठीक आहे,
कपडे धुण्याचं यंत्रही करतं.
खांद्यावरचे ते पट्टे दोन्ही कानांखाली अशा वाजवतात
की उतरल्यावर वाटतं,
आपला अपराध तरी काय होता?
आणि डोळ्यांवर चष्मा चढवून
अंतराळ दाखवणारी ती दुसरी.
अहो, समोर अख्खं ईरी सरोवर पडलंय,
ते झाकून काय दाखवता?

ग्रे मेअर लाकडाची आहे.
तिची वेळ संध्याकाळी साडेसातनंतरची.
सकाळी अंग आखडलेलं असतं तिचं, माझ्यासारखंच.
दिवसभराच्या उन्हानं वंगण पातळ होतं,
त्यात सर शिंतडून गेली असेल तर विचारूच नका,
तिसऱ्या उतारावर चौखूर उधळते.
डाव्या वळणावर एक फळी आहे,
दर वर्षी बदलतात, दर वर्षी तीच कुरकुरते.
ब्रेकचा दांडा ओढणारा वेंडेल म्हणतो,
'बॉबी, ती तुलाच ओळख देते.'
वेंडेल सगळ्यांनाच असं सांगतो.

गेल्या ऑगस्टमध्ये शेजारच्या सलिबांचा इलियास सोबत होता.
वय आठ.
वाटेत सँडविच खाताना त्यानं कागदी रुमाल
जरा जास्तच घेतले,
तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.
रांगेच्या तोंडाशी लाकडी घोडी उभी केली आहे,
तिच्या पाठीला डोकं लागलं तर आत.
त्याचं लागलं.
तिथल्या पोरीनं 'जा' म्हटलंसुद्धा.
पण तो तापल्या वाळूवरून चालावं तसा चालला,
आणि मी तीस वर्षं तडे पाहिलेली बाई.
बाजूला घेतलं, म्हटलं, बूट काढ.
प्रत्येक टाचेखाली चार रुमाल,
नीट घड्या घातलेले.

त्यानं रडायला हवं होतं. रडला नाही.
म्हणाला, 'दोनच बोटं कमी आहेत.'
मी म्हटलं, माहीत आहे.
पण मांडीवर येणारा तो दांडा ना,
त्याला मन कळत नाही, मांडीच कळते.
मी ज्या जागेसाठी येते ती एका बोटाची.
तुझी तीन होईल.

मग आम्ही तिच्या पोटाखाली जाऊन बसलो,
कुंपणाला पाठ लावून,
जिथे करड्या रंगाचे पोपडे गवतात पडतात,
आणि टोप्या, किल्ल्या, एकदा तर कुणाची कवळी.
वर साखळीचं टक टक टक टक,
आणि साखळी सोडून देते तेव्हाची शांतता.
एकतीस वर्षांत ती मी ऐकलीच नव्हती.
वर असताना आपणच ओरडत असतो.
इलियासनं बोटांवर मोजली.
'दीड,' म्हणाला.
दीड काय, ते मी विचारलं नाही.
पुढची गाडी आली, तेव्हा आम्ही दोघांनी मोजली.
दीडच होती.

अंधार पडेपर्यंत बसलो.
वेंडेलनं वरून हात केला, शेवटचा डबा दाखवला,
मी मान हलवली.

माझ्या वहीत प्रत्येक फेरी लिहिलेली आहे,
चार हजार सहाशे बारा.
त्या तारखेपुढे शून्य,
आणि खाली पेन्सिलनं, वाकड्या अक्षरात, त्याचं मत:
'डावीकडची फळी कुरकुरते. बदलावी.'

मला अजिबात पटलेलं नाही.
खोडलं मात्र नाही.