शेऱ्याचा रकाना

नंदुरबारात माझी प्रयोगशाळा मिरचीच्या पथारीला लागून आहे.
पौषात वारा फिरला की सगळे शिंकतात,
मदतनीस, रुग्ण, तपासणीला आलेले साहेबसुद्धा.
खिडकीबाहेर अर्धा मैल लाल,
भिंगाखाली लाल,
आणि मधे मी, नाकाला रुमाल बांधून,
पेशी मोजत.

इथवर सरळ आले नाही.
दोंडाईच्याच्या जिनात आप्पा काट्यावर असायचे.
धुळ्याला मी डॉक्टर झाले तेव्हा त्यांनी हमालांना गूळ-शेंगदाणे वाटले.
फौजेचं पत्र मात्र
खोट्या मापाची गाडी यावी तसं दोनदा तपासलं, म्हणाले,
"डाक्टर व्हयनी ना? मंग आते बंदूक कसाले?"
बंदूक नव्हती, आप्पा.
स्टेथोस्कोप होता, थंडीनं कडक झालेला,
आणि शिक्का होता.
शिक्काही लागतो माणसाला,
हे मला फार उशिरा कळलं.

चौदा हजार फुटांवरच्या तंबूत
दित्या पावरा, शिपाई, वय बावीस, गाव धडगावच्या वर कुठेसं,
डावी कूस दाबत आला.
पोट मऊ. ताप नाही. जीभ स्वच्छ.
बाहेर रांगेत अकरा जण, एकाची दोन बोटं काळी पडत चाललेली,
आणि सुभेदार म्हणाले, नवा आहे, याला वरच्या चौकीवर जायचं नाही.
मी शेऱ्याच्या रकान्यात एक शब्द लिहिला.
बहाणा.
शिक्का मारला.
चौथ्या दिवशी चौघांनी त्याला खाली आणलं.
पानथरी निम्मी मेली होती.

तो वाचला. मी नाही वाचवलं,
उतारानं वाचवलं.

मग वर्दी घडी करून ट्रंकेत, आणि अडतिसाव्या वर्षी
पंधरा वर्षांनी लहान पोरांशेजारी बसून
प्रथिनांच्या साखळ्या पाठ केल्या.
मार्गदर्शक विचारायचे, विषय हाच का?
मी म्हणायची, आमच्याकडे फार आहे.
खोटं नव्हतं.

चाचणी सोपी. रक्ताचा थेंब, औषधाचा थेंब,
वर पातळ काच, कडा नेलपॉलिशनं बंद.
आतला श्वास संपेपर्यंत थांबायचं.
अर्ध्या तासात गोल पेशी कुशीवर वळतात,
टोकं काढतात, इळे होतात,
बाजरी कापून झाल्यावर बांधावर टाकलेले असतात तसे.
म्हणजे रोज मी काचेखाली
कुणाला तरी त्या उंचीवर चढवते,
आणि आता नीट बघते.

परवा मोलगीच्या शिबिरात
पिकल्या मिशांचा एक माणूस नातवाला घेऊन रांगेत.
टाच जुळवली. "जय हिंद, मॅडमसाब."
नाव आठवायला मला वेळ लागला नाही.
त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढला,
चार घड्यांचा, तीस वर्षांचा,
घड्यांवर अक्षरं झिजलेली, शिक्का जांभळा,
सही माझी.
"तुमच्याच हातचं आहे. इंग्रजीत. काय लिहिलंय?
गावात सांगतो, सरकारनं दिलंय."

मागे बत्तीस माणसं उभी होती.
आरोग्यसेविका सुईचं वेष्टन फाडून थांबलेली.
मी चष्मा पुसला, आणि वाचलं,
जसं होतं तसं, मराठीत, मोठ्यानं.

तो कागदाकडे बघत राहिला.
मग त्याच घड्यांवर तो पुन्हा मिटला, पिशवीत ठेवला.
म्हणाला, "तेव्हा दुखत होतं, साब."
"हो."
बाजूला कुणाची तरी शेळी कागद खात होती, तिला कुणी हाकललं नाही.
त्यानं नातवाचं बोट धरून माझ्यापुढे केलं.
"याचं बघा."

सानू पावरा. वय सहा.
शेरा लिहायची जागा तक्त्यात शेवटी असते.
ती रिकामी ठेवली
आणि काचेवर थेंब घेतला.