दहा तेत्री

ग्लदानीतल्या त्या सोळा मजली इमारतीत
लिफ्टला गल्ला आहे.
वर जायचं तर दहा तेत्रीचं नाणं,
नाहीतर ती जागची हलत नाही.
मेलेल्या नवऱ्यासाठी मेणबत्ती मागितली
तर चर्चमधली बाई उधार देते,
लिफ्ट देत नाही.

मी दवाखान्याची नर्स, लामारा.
मंगळवारची माझी फेरी.
बाराव्या मजल्यावर जुझुना, वय एकोणऐंशी,
गुडघे कामातून गेलेले.
दंडाला पट्टा गुंडाळते, फुगवते, कान देते.
एकशे नव्वद.
डॉक्टरांनी गोळी बदलली. पांढरीची पिवळी झाली,
पिवळीच्या दोन झाल्या.
रक्त काही ऐकेना.

"खाली जाता का कधी?"
"उतरायला काय, फुकट आहे गं.
परत यायचे पैसे पडतात."
आणि हसली. काटा थरथरला.

गेल्या वर्षापर्यंत पडत नव्हते.
पाचव्या मजल्यावरचा ओमारी, म्हातारा वेल्डर,
गल्ल्यावर एक बरणी ठेवायचा,
तळाशी चिल्लर.
लागेल त्याने घ्यावी, उरेल त्याने टाकावी.
हिशेब कुणी ठेवला नाही.
म्हणून जुझुना रोज खाली, तुतीखालच्या बाकावर.
डोमिनो आपटत भांडणारे बाप्ये,
बहिऱ्या गुलनाराला ओरडून सांगितलेली गुपितं,
पोरगा पोलंडला गेला त्या आईच्या हातात
न विचारता ठेवलेला कप.
मी वहीची मागची पानं उलटली.
एकशे चाळीस. एकशे बेचाळीस. एकशे अडतीस.
ओमारीचं नाव कुठल्याच रकान्यात नाही.

तो लेकीकडे गेला, सालोनिकाला.
बरणी कुणीतरी उचलली.
तुती तोडली. तिथे आता गाड्या उभ्या असतात,
कुणाच्या, ते कुणालाच ठाऊक नाही.

डॉक्टरांना सांगितलं.
म्हणाले, "चिल्लर औषधांच्या यादीत बसत नाही, लामारा."
खरंच आहे. दिवसातून किती वेळा लिहिणार?
जेवणाआधी की नंतर?

घरची बरणी धुतली, आलुबुखारच्या चटणीची.
आंबट वास काही जाईना.
सात नाणी टाकली, गल्ल्यावर ठेवली
आणि चोरासारखी सटकले.
पुढच्या मंगळवारी रिकामी.
पुन्हा सात. पुन्हा रिकामी.
तिसऱ्या मंगळवारी तळाशी एकच नाणं,
माझं नव्हे.
सोव्हिएत काळातलं, पंधरा कोपेकचं,
या लिफ्टला न चालणारं.
कुणाची चेष्टा असेल,
किंवा ज्याच्याकडे तेवढंच होतं
त्याने तेवढंच दिलं असेल.

वर गेले. जुझुना दार उघडेना.
ठोठावून हात दुखला,
पोटात गोळा आला,
शेजारचं दारही बंद.
जिन्यातल्या खिडकीतून वाकून पाहिलं.
दोन गाड्यांच्या मधे एक स्टूल,
स्टुलावर निळा रुमाल बांधलेलं डोकं,
समोर कुणी पोरगा, बोनेट उघडं टाकून,
हातात पाना तसाच धरून
तिचं काहीतरी ऐकत होता.

बारा मजल्यांवरून रक्तदाब मोजता येत नाही.
वही उघडली. तारीख घातली.
आकड्याची जागा कोरी ठेवली
आणि जिन्यानेच उतरले.